अण्णांच्या बागेतली बाळी आणि तुझी पीएचडी

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका २३ वर्षांची, दिंडोरी तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आहे. नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फुलझाडांची उत्क्रांती कशी झाली, या विषयात तिला पीएचडी करायची आहे. वडील, म्हणजे अण्णा, म्हणतात बी.एड. कर, नाहीतर जवळच्या जैविक खतं-औषधांच्या कंपनीत लॅबला लाग. काका सगळ्यांदेखत विचारतात, "फुलांचा इतिहास शिकून पोट भरतं का?" दोन हंगाम अवकाळीने माल हाताचा गेला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, धाकटा भाऊ बारावीला आहे, आणि स्थळंही येऊ लागली आहेत. हा विषय परदेशातच चालतो, आपलं इंग्रजी कच्चं आहे, आणि घर अडचणीत असताना असला बिनकामाचा विषय धरून बसणं स्वार्थीपणाचं आहे, असं तिला वाटतं. ती विचारते, "मी आवड बघू की घर?"

---

तुझा शेवटचा प्रश्न आहे तसा मला घेता येत नाही. आवड एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी तू करून टाकलीस, पण पत्रात मला गुंतलेले वेगवेगळे प्रश्न दिसतात. हा विषय खरंच बिनकामाचा आहे का? हे काम रोजच्या रोज करायला तुला आवडेल का? आणि पुढची पाच-सहा वर्षं पैशाचं काय? तू लिहिलेला वाद वाचला तर दिसतं की अण्णा पैशाबद्दल बोलताहेत आणि तू त्यांना विषय किती सुंदर आहे ते सांगते आहेस. अशाने वर्षभर बोललात तरी दोघं एका जागी यायचे नाहीत.

आधी बिनकामाचं बघू, कारण तो शब्द काकांचा असला तरी आता तो तुझ्याही मनात बसला आहे.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आकार घेऊ लागतात. अण्णा त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणत असतील. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं, नत्र जास्त झालं किंवा काडीत अन्नसाठा कमी पडला, की ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जिथे घड यायचा तिथे बाळी, म्हणजे आधाराला विळखा घालणारा वेलीचा तंतू, येते. "घड जिरला" हे शब्द तू लहानपणापासून ऐकत आली असशील. कधी नीट बघितलंस का? एखाद्या बाळीच्या टोकाला दोन-चार मणी लोंबत असतात, म्हणजे ती धड बाळीही नाही आणि धड घडही नाही. ते तसं होतं कारण द्राक्षवेलीत घड आणि बाळी एकाच अंकुरापासून तयार होतात. बाळी हा मुळात फुलोराच आहे, जो या कुळाच्या वाटचालीत आधार धरण्याच्या कामाला लागला. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी पिनो मुनिए या वाणापासून मिळालेली एक बुटकी वेल अभ्यासली. जिबरेलिन हे संप्रेरक तिला जाणवतच नव्हतं, आणि जिथे बाळी यायला हवी तिथे तिला घड लागत होते. म्हणजे वाढणारा अंकुर बाळीकडे जाणार की घडाकडे, यात जिबरेलिनचा मोठा हात आहे. खरड छाटणीनंतर तुमच्याकडे सीसीसी हे वाढ रोखणारं औषध फवारतात ते याचसाठी, कारण ते वेलीतलं जिबरेलिन तयार होणं रोखतं. आणि तेच जिबरेलिन, म्हणजे तुमचं जीए, पुढे मण्यांच्या फुगवणीसाठी घड बुडवायला अण्णा मुद्दाम आणतात.

तुला ज्या विषयात जायचंय तो हाच आहे. फुलोऱ्याची बाळी कधी झाली, कोणत्या जनुकांमुळे झाली, वेलीच्या नात्यातल्या इतर झाडांत काय झालं. आणखी एक सांगते. रानटी द्राक्षात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते. एकाच फुलात पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही काम करतात अशा वेली माणसाने निवडून लावल्या, म्हणून आज बागेतली प्रत्येक वेल माल देते. नाहीतर ओळीच्या ओळी नुसत्या पाल्याच्या असत्या. २००७ मध्ये द्राक्षाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, फळपिकांमध्ये सगळ्यात आधी. त्यात दिसलं की फार प्राचीन काळी एका पूर्वज वनस्पतीचा जनुकसंच तिप्पट झाला होता, आणि द्राक्षापासून टोमॅटोपर्यंत असंख्य फुलझाडं त्या पूर्वजाचा वारसा घेऊन जगताहेत. तू ज्याला लांबचा इतिहास समजतेस त्याचा पुरावा तुमच्या मांडवावर चढलेला आहे.

इथे एक जपायला हवं. हे सगळं वाचून अण्णांना "माझ्या संशोधनाने आपली बाग सुधारेल" असं मुळीच सांगू नकोस. तसं होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि कर्जाखाली असलेल्या माणसाला खोटी आशा दाखवू नये. हा विषय मोलाचा आहे, तो शेतीच्या मुळाशी जातो, आणि तरी त्यातून बागेला लगेच काही मिळणार नाही. हे तिन्ही खरं आहे आणि तिन्ही सांगता येतं.

हा विषय परदेशातच चालतो, हा तुझा दुसरा समज. डार्विनने १८७९ मध्ये आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर याला लिहिलेल्या पत्रात फुलझाडांच्या एकाएकी झालेल्या वाढीला किळसवाणं गूढ म्हटलं होतं, ते तुला शिकवलंच असेल. आज हयात असलेल्या फुलझाडांच्या वंशवृक्षात सगळ्यात आधी फुटलेली फांदी म्हणजे न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिक बेटावरचं अँबोरेला हे झुडूप, हे १९९९ मध्ये डीएनएवरून पुढे आलं आणि २०१३ मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. पाठ्यपुस्तकात अशीच नावं येतात, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं तिकडेच घडतं. पण २००६ मध्ये आपल्याच मराठी वनस्पतिशास्त्रज्ञांनी कंदीलपुष्पांच्या सेरोपेजिया प्रजातीतली एक नवी जाती जगापुढे मांडली, ती त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या अंजनेरीची. तिचं नावच सेरोपेजिया अंजनेरिका. नाशिकचा माणूस ज्या डोंगरावर श्रावणात दर्शनाला आणि फिरायला जातो, तिथलं हे झाड आहे आणि ते नामशेष व्हायच्या काठावर आहे. (जाशील तेव्हा फोटो काढ, फूल आणि कंद यांना हात लावू नकोस. नमुना घ्यायचा तर वनखात्याची परवानगी लागते.)

कंदीलपुष्पाची रचना जवळून बघण्यासारखी असते. फुलाची नळी खाली फुगीर, आत खालच्या दिशेने वळलेले केस. वासाने ओढलेली बारीक माशी आत उतरते आणि केसांमुळे वर येऊ शकत नाही. फूल कोमेजायला लागलं, केस सैल पडले, की ती पराग घेऊन सुटते. आता यातलं उत्क्रांतीचं कोडं बघ. ब्रॅकिस्टेल्मा या प्रजातीची फुलं उघडी, चपटी, कंदिलासारखी अजिबात नाहीत, म्हणून ती वेगळी धरायचे. डीएनएवरून वंशवृक्ष मांडला तेव्हा ती सेरोपेजियाच्या आतच बसली, आणि २०१७ मध्ये दोन्ही एकत्र करण्याचा प्रस्ताव आला. मग माशी कोंडणारा कंदील किती वेळा तयार झाला, किती वेळा मोडला? या गटातल्या कितीतरी जाती सह्याद्रीखेरीज कुठेच नाहीत. हे काम करायला नाशिक-कोल्हापूरकडची माणसं जितकी सोयीच्या जागी आहेत तितकं लंडनमधलं कुणी नाही. जीवाश्मांचं म्हणशील तर आपल्या पायाखालच्या दख्खनच्या लाव्हा थरांच्या मधल्या गाळात, छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानला, दगड झालेली फुलं सापडली आहेत आणि नागपूरच्या संशोधकांनी त्यावर मोठं काम केलं आहे.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याकडे येते. तुला फुलं आवडतात हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. पण हे काम आवडेल का, हे अजून तुला माहीत नाही. पावसाळ्यातले काही आठवडे डोंगरावर जातात. उरलेलं वर्ष वर्तमानपत्रात दाबलेल्या नमुन्यांचे कागद बदलण्यात, लेबलं लिहिण्यात, सिलिका जेलमध्ये वाळवलेल्या पानांतून डीएनए काढण्यात, न चाललेला पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) पुन्हा लावण्यात, आणि सगळ्यात जास्त संगणकापुढे डीएनएचे क्रम एकाखाली एक जुळवण्यात जातं. हुशार आणि फुलवेडी मुलंमुली या टप्प्यावर कोमेजतात आणि स्वतःला दोष देतात. दोष कुणाचाच नसतो, त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून अर्ज भरायच्या आधी स्वतःची परीक्षा घे, आणि ती बागेतच घे. पावसाळ्यात ओळींमध्ये केना हे तण माजतं. एक केना मुळासकट अलगद उपट आणि माती धू. जमिनीखाली पांढुरक्या फांद्या दिसतील आणि त्यांवर कधीच न उमलणारी मिटलेली फुलं. ती आतल्या आत स्वतःचंच परागण करून बी धरतात. वर निळी उघडी फुलं, खाली ही बंद फुलं, एकाच झाडाला. आता मोजायला बस. मांडवाच्या सावलीतल्या झाडांना खाली किती, वर किती? बांधावरच्या उन्हातल्यांना किती? निंदणी झालेल्या पट्ट्यात काय दिसतं? वही कर, तारीख टाक, पूर्ण हंगाम मोज. मग जेनबँक या डीएनए क्रमांच्या खुल्या संग्रहातून केन्याच्या नात्यातल्या जातींचे क्रम उतरवून घे आणि आर ही संगणकाची भाषा शिकून त्यांचा वंशवृक्ष मांड. दोन्ही फुकट आहेत, लॅपटॉप कॉलेजचा चालेल. साठाव्या झाडापाशी कंटाळून वही मिटावीशी वाटली तर ती महत्त्वाची माहिती आहे. एकसष्टावं झाड वेगळं का निघालं म्हणून झोप लागली नाही, तर तीही आहे. हेच तुझ्यासारख्या इतरांनाही सांगेन: विषय निवडण्याआधी त्यातलं सगळ्यात रटाळ काम हातात घेऊन बघा.

आता पैसे. इथे अण्णांची बाजू मला पूर्ण पटते. त्यांनी दोन हंगाम सगळं लावून काहीच हाती न येणं सोसलं आहे. आता मुलगी सांगते की मी पाच वर्षं लावणार आणि शेवटी काय मिळेल ते बघू. ते घाबरणार नाहीत तर काय?

माझं ठाम मत आहे: फेलोशिप नसेल तर पीएचडीला बसू नकोस. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं. नेट वर्षातून दोनदा होते, आणि २०२४ पासून तिचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरले जातात. गेट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राचा पेपर आहे तसा परिस्थितिकी आणि उत्क्रांती असा स्वतंत्र पेपर आहे, तो तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे. नाशिकला शिकणाऱ्या फार थोड्या मुलांना तो माहीत असतो. आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) किंवा बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी प्रवेशाची पद्धत वेगळी, मुलाखतीवर भर असणारी आहे, तिथेही अर्ज कर. याखेरीज प्रवर्गाप्रमाणे सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांचे हप्ते वेळेवर येतीलच असं धरून घरखर्च मांडू नकोस, संशोधक मुलांना त्यासाठी आंदोलनं करावी लागली आहेत.

पीएचडी झाली की प्राध्यापकी, हे गणितही सोडून दे. महाराष्ट्रात कायम जागांची भरती वर्षानुवर्षं रखडते आणि पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर राबताना तू तुझ्याच कॉलेजात बघत असशील. फुलांच्या उत्क्रांतीवर काम करणारी पदं देशात मोजकी आहेत. पण या शिक्षणातून येणारी कौशल्यं अनेक ठिकाणी लागतात: बियाणं आणि वाणसुधारणेच्या कंपन्या, जैवविविधतेचे अहवाल करणाऱ्या संस्था, भारतीय वनस्पती सर्वेक्षण, वनसेवेच्या परीक्षा. त्यामुळे पहिल्या वर्षापासून डीएनएचं काम आणि आकडेमोड पक्की कर. नुसती झाडं ओळखणारा वर्गीकरणतज्ज्ञ मला प्रिय आहे, पण नोकरीच्या बाजारात त्याची आबाळ होते.

माझ्या मनातला मार्ग म्हणशील तर एम.एस्सी. झाल्यावर थेट पीएचडी नको आणि बी.एड.ही नको. एक वर्ष प्रकल्पात काम कर. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणी प्रोजेक्ट असोसिएटच्या जाहिराती निघतात, पगार मिळतो, आणि नमुना दाबण्यापासून शोधनिबंधापर्यंत सगळं जवळून दिसतं. आघारकरचं नाव मुद्दाम घेते. तिथे वनस्पतींच्या वर्गीकरणाचं काम चालतं आणि त्याच संस्थेने बारामतीजवळच्या होळच्या प्रक्षेत्रावर एआरआय-५१६ हे द्राक्षाचं वाण तयार केलं, कटावबा या अमेरिकी कुळातल्या वाणाशी संकर करून. अमेरिकी द्राक्षं बुरशीला चिवट असतात, कारण डाऊनीसारखे रोग तिकडचेच आणि त्यांच्याशी झगडतच ती द्राक्षं घडली. अण्णांना हे एकदा दाखवून आण. विषयाबद्दल तुझ्या भाषणांपेक्षा ते जास्त ऐकतील.

बी.एड.ला मी कमी लेखत नाही. खेड्यातल्या शाळेत फूल उघडून दाखवणारी शिक्षिका असणं मोठी गोष्ट आहे. फक्त नेटचा अभ्यास एम.एस्सी.च्या पाठोपाठ जितका सोपा जातो तितका दोन वर्षांनी जात नाही, आणि बी.एड. पुढेही करता येतं. कंपनीतली नोकरी मात्र खरा पर्याय आहे. घरात हप्ता भरायलाच पैसे नसतील तर वर्षभर ती कर आणि सोबत अभ्यास कर. त्यात कमीपणा काही नाही.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांना भेट. किती वर्षांत पीएचडी झाल्या, कुणी मध्येच सोडलं का, निबंधावर पहिलं नाव कुणाचं लागतं, फेलोशिप अडली तेव्हा सरांनी किंवा मॅडमनी सही करायला किती फिरवलं, मुलींना फील्डवर कुणासोबत आणि कुठे राहावं लागतं. हे विचारायला संकोच करू नकोस. वाईट मार्गदर्शकाने चांगल्या विषयाची माती झालेली मी पाहिली आहे.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. शोधनिबंधांची भाषा ठरावीक असते, रोज एक परिच्छेद वाचून मराठीत वहीत उतरवलास तर सहा महिन्यांत भीती जाईल.

स्थळांचं आईशी बोल, अण्णांच्या आधी. तुझ्या पत्रात आई कुठेच नाही, हे मला खटकलं. तिला काय वाटतं हे तू विचारलंच नाहीस की तिने सांगितलं नाही? लग्न आणि पीएचडी एकत्र होऊ शकतात, अनेकींनी केलंय, पण येणाऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत स्वच्छ कळायला हवं की पाच वर्षं अभ्यास आहे, वसतिगृह आहे, पावसाळ्यात डोंगर आहेत. "लग्नानंतर बघू" हे उत्तर आलं तर ते नकारासारखंच धर.

आणि अण्णांशी बोलायची वेळ छाटणीच्या किंवा फवारणीच्या धावपळीतली नको. माल निघून हिशेब झाला की बस. सोबत एक कागद ने. त्यावर प्रकल्पाचा पगार, जेआरएफचे आकडे, त्यातून तुझा पुण्याचा खर्च वजा जाता घरी किती देऊ शकतेस, आणि भावाच्या फीमधला तुझा वाटा लिहिलेला असू दे. खाली मुदत लिही: एम.एस्सी.नंतर दोन वर्षं. तेवढ्यात नेट किंवा गेट निघालं नाही, तर बी.एड.ची सीईटी देईन. ही शेवटची ओळ तुला मनापासून मान्य असेल तरच लिही, कारण अण्णा बाकीचा कागद विसरतील आणि हीच लक्षात ठेवतील. काका त्या वेळी घरात असतील तर त्यांनाही बसायला सांग, त्यांचा पोटाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्या कागदावर आहे.